पेनाची स्प्रिंग

आईनं केर काढताना ती शोधून काढली. आमच्याकडं व्हॅक्यूम आहे, चांगला महागातला आहे, पण आई येताना बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये केरसुणी घालून घेऊन आली आणि तिसऱ्या दिवसापासून घर तिच्या ताब्यात गेलं. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराशी कपडे धुवायचं मशीन आहे. त्याच्यामागं हात घालून तिनं दोन मोजे, एक खडूचा तुकडा आणि एक स्प्रिंग बाहेर काढली. मोजे बादलीत गेले, खडू नातीकडं गेला आणि स्प्रिंग तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इंचभराहूनही आखूड, काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. "काय रं हे?"

"पेनाची असेल," मी चहाच्या कपातून मान वर न काढता म्हणालो.

तिनं ती दोन बोटांत धरून दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "पेनाची," एवढंच म्हणाली. विचारत होती की नुसतं माझं वाक्य परत करत होती, कळलं नाही. स्प्रिंग तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली आणि केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत गेली. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो, पण दिवसभर ते एकच वाक्य दाढेत अडकल्यासारखं टोचत राहिलं. चाळिशी उलटलेला, घराचं कर्ज फेडणारा माणूस पाऊण इंचाच्या तारेवरून आईशी खोटं बोलतो, तेसुद्धा तिनं उलटतपासणी न करताच.

ती स्प्रिंग रायफलीची होती. जुलैत बायको आणि लेक आठवडाभर न्यू जर्सीला गेल्या असताना मी गॅरेजमध्ये माझी पहिली रायफल जुळवत होतो. डॅलसच्या उत्तरेला आमच्या गावात जुलैतलं गॅरेज म्हणजे सुताला खळ लावायच्या सायझिंगमधली बॉयलरची खोली. पंखा लावला तरी तो गरम वाराच फिरवतो. एआर जातीच्या रायफलीचे खालचा आणि वरचा असे दोन भाग असतात आणि ते दोन खिळींनी एकमेकांना धरतात. पुढची खीळ बसवायची तर आधी एका भोकात ही स्प्रिंग सोडायची, तिच्या डोक्यावर साबुदाण्याएवढ्या जाडीची एक पोलादी काडी ठेवायची, ती काडी आत दाबून धरायची आणि दाब जराही न सोडता वरून खीळ सरकवायची. हे करताना स्प्रिंग उडते हे रायफल जुळवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. काहीजण मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून हे काम करतात. मला वाटलं, आपल्याला काय गरज! टिंग्‌ असा आवाज झाला, एवढंच कळलं. दोन तास मी टॉर्च घेऊन जमिनीवर गाल टेकून शोधलं. पोलादी काडी सापडली, स्प्रिंग नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्या स्प्रिंगांचं पाकीट आणलं, तेव्हा गल्ल्यावरचा मुलगा काही न विचारता हसला. त्याला ते पाकीट बघूनच कळलं होतं.

"रायफल जुळवली" म्हटलं की तिकडचे आपले लोक एकदम सावध होतात. इचलकरंजीतल्या मित्राला फोनवर सांगितलं, तर त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "लेका, लायसनचं काय?" त्याला टेक्सास समजावून सांगणं अवघड गेलं. मी स्वतःच ते कितीतरी वर्षं नुसतं बाहेरून बघत होतो. वर्क व्हिसावर असताना इथं बंदूक घेता येत नाही; शिकारीचा परवाना वगैरे काही पळवाटा आहेत, पण त्यांच्या वाटेला मी गेलो नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी बारा वर्षं गेली. त्या वर्षांत ऑफिसमधले सहकारी जेवणाच्या टेबलावर नळ्या, दस्ते, चाप असं बोलायचे, आणि मी डब्यातली भाजी खात ऐकायचो. कार्ड आल्यावर दुकानात गेलो, 4473 नंबरचा फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासली गेली आणि वीसेक मिनिटांत एक ॲल्युमिनियमचा पोकळ तुकडा माझ्या हातात आला. ना नळी, ना चाप, ना दस्ता. साबणदाणीएवढा काळा तुकडा, पण कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तोच. त्याच्यावरच नंबर असतो. बाकीची रायफल कायद्याच्या नजरेत नुसतं सुटं सामान. नळी तर कुरियरवाला दारात ठेवून गेला, त्याच दिवशी आलेल्या पोह्यांच्या आणि उदबत्त्यांच्या खोक्यावर.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं आधी एक्सेल शीट झाली. सहा महिने ती शीट वाढत होती. नळी 16 इंची, कारण त्याहून आखूड घेतली की वेगळ्या केंद्रीय नोंदणीचं लचांड मागं लागतं. नळीतले आटे आठ इंचांत एक फेरा घेणारे, कारण त्यात हलकी आणि जड दोन्ही गोळी स्थिर राहते. गॅसची नळी मधल्या लांबीची. एकेका ओळीवर मी इतका वेळ घालवला, तेवढा लेकीची शाळा निवडताना नसेल घालवला. बायकोनं एकदा शीट उघडून पाहिली आणि सर्वांत वर एक ओळ घातली: तिजोरी. तिच्यापुढं खर्चाच्या रकान्यात तिनंच आकडा भरला. तो आकडा नळीच्या किमतीहून जास्त होता. त्यावर चर्चा झाली नाही.

पण एवढा आटापिटा का? शिकार मला जमणार नाही. चोराची भीती म्हणाल, तर आमच्या गल्लीत मोठी बातमी म्हणजे कुणाचं तरी कुत्रं हरवणं. मला वाटतं, मला एकदा तरी असं काहीतरी करायचं होतं, जे बिघडलं तर हातानं दुरुस्त करता येईल. पंचवीस वर्षं मी जे केलं, ते सगळं पडद्यामागं कुठंतरी पळतं. त्याला वास नाही, वजन नाही. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाताला मात्र मरेपर्यंत ग्रीसचा वास होता.

अण्णा जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करून नीट चालते ठेवणारे. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला म्हणतात. आमच्या घरात त्याचा आवाज कधी थांबला नाही, कारण घराच्या भिंतीपलीकडंच शेड होती. बाहेरच्या माणसाला मागांचा नुसता खडखडाट ऐकू येतो. अण्णा शेडच्या दारात उभं राहून म्हणायचे, "तिसऱ्या रांगेतला चौथा. पट्टा सैल पडलाय." जाऊन बघितलं तर तसंच असायचं. मागावर धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा इकडून तिकडं जातो. त्याला मार कमी पडला तर तो पलीकडच्या पेटीत पुरता पोचत नाही आणि माग दणका देऊन थांबतो. मार जास्त झाला तर धोटा पेटीत आदळून मागं उसळी घेतो, कांडीवरचं सूत ढिलं पडतं, कापडाची किनार खराब होते. आणि फारच बिनसलं तर धोटा उडतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला धोटा, शेडभर कुठंही. अण्णांच्या डाव्या भुवईत त्याची खूण होती. सगळी जॉबरगिरी म्हणजे त्या मारातलं अंतर सांभाळणं. चामड्याचा पट्टा अर्धा बोट इकडं, अर्धा बोट तिकडं. आई शेडच्या ओसरीवर बसून कांड्या भरायची. तिच्या डोक्यातही तोच ठेका असणार, पण हे मला फार उशिरा सुचलं.

रायफलीतही नेमकं तेच असेल, असं मला शीट भरताना वाटलं नव्हतं. गोळी नळीतून पुढं धावत असते, तेव्हा तिच्यामागच्या गॅसचा थोडा हिस्सा नळीच्या माथ्यावरच्या भोकातून उलटा फिरतो आणि बोल्टाला मागं ढकलतो. बोल्ट मागं जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, दस्त्यातली स्प्रिंग दाबतो, आणि ती त्याला परत पुढं लोटते. येताना तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून नळीत बसवतो. चाप एकदा ओढला की एकच गोळी, पण पुढची तयार. अर्धस्वयंचलित म्हणतात ते एवढंच. गॅस कमी पडला तर बोल्ट पुरता मागं जात नाही आणि पुढचं काडतूस उचलत नाही. जास्त झाला तर मागं जाऊन आदळतो, खांद्याला धक्का बसतो, पुंगळी लांब पुढं उडते. माझ्या रायफलीला गॅस कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू आहे, तिळाएवढा, प्रत्येक फेऱ्याला कट् कट् वाजणारा. पहिल्यांदा तो हातात आला, तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच मोठ्यांदा म्हणालो, "पट्टा!"

ही रचना यूजीन स्टोनर नावाच्या माणसाची. त्याच्याकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती; विमानांच्या कारखान्यात आणि फौजेत काम करून शिकलेला गडी. आर्मालाइट कंपनीत असताना त्यानं ती बसवली, 1960 साली तिचं पेटंट मिळालं. एआर म्हणजे आर्मालाइट, लोकांना वाटतं तसं 'असॉल्ट रायफल' नव्हे. 1977 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि हळूहळू कितीतरी कारखाने एकमेकांत बसणारे भाग करायला लागले. म्हणून तर माझ्यासारखा कारकुनी बोटांचा माणूस घरी बसून रायफल जुळवू शकतो. नळी एकाची, बोल्ट दुसऱ्याचा, चाप तिसऱ्याचा. इचलकरंजीत माग असेच उभे राहायचे. साचा कुणाचा, मोटर कुणाची, धोटा कुठला.

पहिल्यांदा नेमबाजीच्या मैदानावर गेलो, तेव्हा पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा बरोबर आले. व्हिएतनामला जाऊन आलेले, बोलायला कमी. नळी आणि बोल्ट यांच्यात अंतर बरोबर बसलंय का, हे तपासायच्या पोलादी गेजा त्यांच्याचकडून आणल्या होत्या. गोळी सोडण्याआधी ते तपासल्याशिवाय ते मला घराबाहेर पडू देईनात. मी कानावर मफ चढवले, चष्मा घातला, आणि एकदम आठवलं की अण्णांनी चाळीस वर्षांत कानात कापसाचा बोळासुद्धा घातला नव्हता. शेवटच्या वर्षांत आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो आणि ते आमच्याशी.

पहिली गोळी सुटली. दारूचा तो जळका, किंचित गोडसर वास आला. पुंगळी पुढं उडाली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या कॉफीशेजारी जाऊन पडली. मी निशाणाकडं बघत होतो. आजोबांनी माझी टोपी मागं ओढली. "कागद कुठं पळून चाललाय का? पुंगळ्या कुठं पडतायत ते बघ." मग दोन तास आम्ही तेच केलं. स्क्रू दोन कट् बंद, पाच गोळ्या. अजून दोन. पुंगळ्या हळूहळू पुढून बाजूला सरकल्या, घड्याळाच्या एकवरून तीनवर. आणखी काही कट्, आणि बोल्ट अर्ध्यातच थकला. पुढचं काडतूस खाली तसंच राहिलं. माग दणका देऊन थांबावा तसं सगळं गप्प झालं. दोन कट् परत उघडले. पुंगळ्या साडेतीन-चारच्या दिशेला, एका सतरंजीएवढ्या जागेत पडायला लागल्या, आणि खांद्यावरचा धक्का ढकलल्यासारखा न लागता दाबल्यासारखा लागायला लागला. शंभर यार्डांवर पाच गोळ्या दीड इंचात बसल्या. माझ्यासाठी तो कागद फ्रेम करायच्या लायकीचा होता. आजोबांनी बघून "हं" केलं.

परतताना गाडीत ते आपण होऊन बोलले. व्हिएतनामात त्यांना याच घराण्यातली एम-16 मिळाली होती. रचना एका प्रकारच्या दारूवर बसवलेली, आणि फौजेनं काडतुसातली दारूच बदलली. बोल्टाचा वेग वाढला, काजळी वाढली, नळीच्या आतल्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि हिला साफ करावं लागत नाही म्हणून सफाईचं सामानही पुरेसं दिलं नव्हतं. पुंगळी घरात चिकटून बसायची. 1967 साली संसदेच्या समितीनं त्याची चौकशी केली, हे मी आधी वाचलं होतं. "चौकशी झाली तेव्हा मी तिथंच होतो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सिग्नल सुटला तरी मी थोडा वेळ गाडी हलवली नाही.

हे सगळं जुलै-ऑगस्ट 2024 चं. खरं तर नळी दारात आली ती एप्रिल 2023 मध्ये. मधले चौदा महिने ते खोकं फोडलंच नव्हतं.

6 मे 2023, शनिवार. ॲलनचा मॉल आमच्या घरापासून फार लांब नाही. लेकीचे शाळेचे बूट आम्ही तिथूनच घ्यायचो. त्या दिवशी तिथं एकानं आठ माणसं मारली. त्यात लहान मुलं होती, आपल्या देशातून आलेली एक तरुण इंजिनिअरही होती. रायफल याच जातीची. संध्याकाळभर आमच्या मराठी ग्रुपवर "सगळे ठीक आहात ना?" फिरत होतं, आणि मी गॅरेजमध्ये त्या न फोडलेल्या खोक्यासमोर उभा होतो. सोमवारी लेकीच्या शाळेतून पालकांना पत्र आलं. ती सात वर्षांची होती. वर्गात दिवा घालवून, भिंतीला टेकून, आवाज न करता कसं बसायचं, हे तिनं आम्हाला दिवाणखान्यात करून दाखवलं. खेळ असल्यासारखं.

खोकं विकून टाकायचं ठरवलं होतं. जाहिरातीचा मजकूरही लिहून ठेवला होता.

मग का नाही विकलं? याचं नेटकं उत्तर माझ्याकडं नाही. मी न बांधल्यानं जगातली एक रायफल कमी होईल, हे हिशोबानं खरं आणि बाकी कशानंच खरं नाही. बांधल्यानं कुणाचं रक्षण होणार, हेही मला पटत नाही. असं म्हणणाऱ्यांशी मी जेवणाच्या टेबलावर वाद घालत नाही, पण मानही हलवत नाही. हात ते करायला शिवशिवत होते, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. ज्या दिवशी दीड इंचात पाच गोळ्या बसल्या, त्या दिवशी मला निर्मळ आनंद झाला, आणि त्याच रात्री तिजोरीचं दार लावताना लेक भिंतीला टेकून बसलेली दिसली. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत. एकीनं दुसरीला खोडलं नाही.

आईशी खोटं बोललो, ते बहुधा यामुळंच. तिला ओरडायचा हक्क होता असं नाही, आणि ती ओरडलीही नसती. तिला राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेचं कोण कौतुक! पॅरिसला त्यानं रायफलीत ब्राँझ मिळवलं, तेव्हा तिनं मला रात्री फोन करून उठवलं होतं. पण मग तिनं विचारलं असतं, "कशासाठी रं?" आणि माझ्याकडं शीट होती, उत्तर नव्हतं.

खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी शेड धुऊन निघायची, मागांना झेंडूच्या माळा, अण्णांचे पाने, पक्कड, हातोडा पाटावर मांडून पूजा. अण्णा त्यांना हत्यारं म्हणायचे. "माझी हत्यारं कुठं ठेवलीस?" असं विचारलं की पाना शोधायचा. आपल्या भाषेत पान्यालाही हत्यार आणि तलवारीलाही हत्यार, ही गंमत मला इथं येईपर्यंत जाणवली नव्हती. आईनं सकाळी पाट मांडला. माझा लॅपटॉप, बायकोची विळी, लेकीची कंपासपेटी, आणि अण्णांचा तो एक पाना, जो मी त्यांच्यामागं इकडं घेऊन आलोय. माग भंगारात किलोवर गेले, पण तो राहिला. हळदीकुंकू वाहून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि कुठलं हत्यार हाय का घरात?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "स्क्रूड्रायव्हर आणतो."

स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो, तोवर आईनं पदराची गाठ सोडली होती. ती स्प्रिंग तिनं पाटावर पान्याच्या शेजारी ठेवली, चिमटीतलं कुंकू तिच्यावर सोडलं आणि वर झेंडूची एक पाकळी. "पेनाची म्हणून काय झालं," ती म्हणाली, "पेन बी हत्यारच की." चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चाळीस वर्षं जॉबरच्या घरात काढलेली बाई स्प्रिंगेचा ताण बोटानं ओळखणार नाही होय? की खरंच पेनाची वाटली तिला? आरती सुरू झाली, आणि मी टाळ्या चुकवत होतो.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. रायफल मैदानावरून आणल्यापासून पुसायची राहिली होती. मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ना, हे दोनदा बघितलं, बोल्ट पुसला, तेलाचे चार थेंब दिले. रिकाम्या नळीवर बोल्ट मोकळा सोडू नये म्हणतात, झीज होते. तरी एकदा सोडला. खट्ट, असा भरीव आवाज झाला आणि मागोमाग दस्त्यातल्या स्प्रिंगची बारीक घरघर.

दार उघडलं. आई, हातात पाण्याचा तांब्या. मी रायफलीवर फडकं टाकलं, पण निम्मी नळी बाहेरच होती. तिनं त्या बाजूला बघितलं नाही. डोळे मिटल्यासारखे करून, शेडच्या दारात अण्णा उभे राहायचे तशी मान जरा तिरकी करून ती उभी होती.

"काय वाजलं रं?"

"काही नाही. गॅरेजचं दार."

"दार न्हवं," ती म्हणाली. "धोटा पेटीत नीट बसल्यावानी वाजलं." तांब्यातलं पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं. "झोप आता. आणि दिवा घालव, डास येत्यात."